कॉन्फिग बदललं, लॉग ढिम्म: टॉमकॅटवर नव्यानं काम करणाऱ्यांसाठी

जावाचा कोर्स झालाय, स्प्रिंगवर एखादा प्रोजेक्ट केलाय आणि कोल्हापुरात राजारामपुरीतल्या किंवा शाहूपुरीतल्या छोट्या कंपनीत नुकतेच चिकटलाय, असं धरून लिहितोय. लॉगर म्हणजे काय, इन्फो आणि डिबगमध्ये फरक काय, हे तुम्हाला येतंच. कोर्समध्ये न सांगितलेली गोष्ट ही, की सुरुवातीला नवा कोड लिहायचं काम कमी येतं आणि ‘क्लायंटकडं अडकलंय, बघ जरा’ हेच जास्त येतं. बघायचं म्हणजे लॉग बघायचा. आणि आपल्याकडच्या क्लायंटांचं म्हणजे साखर कारखान्याचा वजनकाटा, दूध संस्थेची बिलं, शिरोली नाहीतर गोकुळ शिरगावच्या फौंड्रीचा स्टॉक. माझ्या वाट्याला आलेली ही सगळी ॲप्लिकेशन्स क्लायंटच्याच आवारातल्या एका मशीनवर, जुन्या टॉमकॅटमध्ये, म्हणजे जावाची वेब ॲप्लिकेशन्स चालवणाऱ्या सर्व्हरमध्ये, वॉर फाइल (अख्खं ॲप्लिकेशन बांधलेलं गाठोडं) टाकून चालायची. कंटेनर, क्लाउड वगैरे व्हिडिओत बघायचं.

आता तो खड्डा सांगतो. गळीत हंगाम भरात होता. काट्यापुढं उसाच्या ट्रॅक्टरांची रांग, आणि मधेच एखाद्या गाडीची पावती अडकायची. थोड्या वेळानं परत दाबलं की निघायची. लॉग उघडला तर त्यात फक्त एररच्या ओळी, त्याही वेळेशिवाय. मी लॉगबॅक.एक्सएमएलमध्ये, म्हणजे लॉग लिहिणाऱ्या लॉगबॅक लायब्ररीच्या कॉन्फिग फाइलीत, लेव्हल डिबग केली, टॉमकॅट परत चालू केला. काही नाही. पॅटर्न बदलला, फाइलचं नाव बदललं, ॲपेंडर (लॉग कुठं लिहायचा ते ठरवणारा भाग) नवा लिहिला. लॉग ढिम्म. बाहेर ड्रायव्हर लोक हॉर्न वाजवतायत आणि आत मी एक्सएमएलमधले कंस तपासतोय. माझ्या लॅपटॉपवर हेच सगळं व्यवस्थित चालत होतं, म्हणून तर डोकं आणखी फिरलं.

कारण एक्सएमएलमध्ये नव्हतंच. मी बदलत होतो ती फाइल कुणी वाचतच नव्हतं.

हे नीट समजून घ्या, घाई करू नका. लॉगबॅक सुरू होताना आधी बघतो की जेव्हीएमला ‘लॉगबॅक.कॉन्फिगरेशनफाइल’ ही प्रॉपर्टी दिली आहे का. नसेल तर क्लासपाथवर लॉगबॅक-टेस्ट.एक्सएमएल शोधतो. ती सापडली नाही तरच लॉगबॅक.एक्सएमएलकडं येतो. शोध नावाच्या क्रमानं चालतो, जागेच्या नाही. वॉरमधल्या वेब-इन्फच्या क्लासेस फोल्डरला लिबच्या (जार ठेवायच्या फोल्डरच्या) आधी मान आहे हे आपण पाठ केलेलं असतं, पण तो मान एकाच नावाच्या दोन फाइली असतील तेव्हाचा. आमच्या लिबमध्ये कंपनीची एक कॉमन जार होती, तारखा आणि आकडे मराठीत छापणारी. ती बनवणाऱ्यानं टेस्टची कॉन्फिग फाइल, म्हणजे लॉगबॅक-टेस्ट.एक्सएमएल, चुकून मेनच्या रिसोर्सेसमध्ये ठेवली होती, त्यामुळं ती जारमध्ये पॅक होऊन आली. माझी फाइल समोर क्लासेसमध्ये, आणि राज्य चाललंय त्या जारमधल्या फाइलीचं. लॅपटॉपवर हे दिसलं नाही कारण तिथं आयडीईच्या रन कॉन्फिगरेशनमध्ये कुणीतरी फाइलचा पत्ता थेट देऊन ठेवला होता. म्हणजे वर सांगितलेली पहिलीच पायरी.

यातली गंमत अशी, की सगळे सांगतात ‘कॉन्फिगरेशनच्या टॅगवर डिबग इज इक्वल टू ट्रू लाव, लॉगबॅक आपली माहिती छापेल’. बरोबर आहे, पण तो ॲट्रिब्यूट जी फाइल वाचली जाते तिच्यात असला तरच कामाचा. तुम्ही लावला आणि कन्सोलवर एकही ओळ आली नाही, तर ‘हे पण चालत नाही’ म्हणून पुढं जाऊ नका. तेच उत्तर आहे: तुमची फाइल वाचलीच जात नाही. मग कुठल्याही फाइलवर अवलंबून नसलेला रस्ता धरा. टॉमकॅटच्या बिनमध्ये सेटएन्व्ह.एसएच करा आणि कॅटलिना ऑप्ट्समध्ये लॉगबॅकची स्टेटस लिसनर क्लास ही प्रॉपर्टी देऊन ऑनकन्सोलस्टेटसलिसनर या क्लासचं पूर्ण नाव लिहा, पॅकेजसकट. मग कॅटलिना.आउटमध्ये, म्हणजे टॉमकॅटचं कन्सोल जिथं लिहिलं जातं त्या फाइलीत, कुठली फाइल, कुठल्या जारमधून उचलली ते पत्त्यासकट येतं. तो पत्ता वाचल्याशिवाय एक्सएमएलला हात लावायचा नाही. लावायचाच नाही.

(पावतीचं दुखणं? लॉग बोलायला लागल्यावर लगेच सापडलं. एक्सेप्शन आलं की डेटाबेसचं कनेक्शन पूलमध्ये परत जात नव्हतं.)

घाबरू नका, बाकीचे प्रकार याच्यापुढं सोपे आहेत. एसएलएफफोरजे ही फक्त दर्शनी बाजू, मागं लिहिणारा वेगळा असतो, हे ठाऊक आहेच. लिबमध्ये लॉगबॅक आणि लॉगफोरजे या दुसऱ्या लॉग लायब्ररीचं बाइंडिंग (दर्शनी बाजूला जोडणारी जार) दोन्ही आली की एका घरात दोन कारभारी होतात आणि सुरुवातीलाच ‘मल्टिपल बाइंडिंग्ज’ची ओळ येते. लोक ती लाल नाही म्हणून सोडून देतात. मेव्हनचं डिपेन्डन्सी ट्री काढा, कुणाच्या पाठीवरून कोण आलंय बघा, एक्स्क्लूजन लावा. एसएलएफफोरजेचं एपीआय २.० आणि लॉगबॅक १.२ अशी जोडी असेल तर उलटं होतं: एकही प्रोव्हायडर (मागं लिहिणारा) सापडत नाही आणि सगळा लॉग गप्प. २.० ला लॉगबॅक १.३ किंवा त्याच्या पुढचा लागतो.

आणि कुठलंसं जुनं उत्तर बघून लॉगिंगच्या दिसतील त्या सगळ्या जार लिबमध्ये ओतू नका. हा शॉर्टकट नाही, पुढच्या माणसाच्या गळ्यातली धोंड आहे. लॉगफोरजे १ चा सांभाळ ऑगस्ट २०१५ मध्येच थांबला. लॉगफोरजे २ मधलं डिसेंबर २०२१ चं लॉगफोरशेल प्रकरण तर लॉगमध्ये छापलेल्या मजकुरातूनच परका कोड चालवणारं होतं. तरी जुन्या सर्व्हरवर २.१४ ची जार अजून दिसली तर आश्चर्य वाटून घेऊ नका, सरळ वरिष्ठांना लेखी कळवा.

ॲप्लिकेशन उभंच राहत नसेल आणि कॅटलिना.आउट ‘लिसनर सुरू झाला नाही, तपशील कंटेनरच्या लॉगमध्ये’ एवढंच म्हणत असेल (इथं कंटेनर म्हणजे टॉमकॅटच), तर तपशील शेजारच्या लोकलहोस्ट नावाच्या, तारीख लावलेल्या फाइलीत असतो. फाइलचा पत्ता सापेक्ष दिला असेल, तर टॉमकॅट ज्या फोल्डरमधून चालू केला तिथं लॉग पडतो. हातानं चालू केला तर एकीकडं, सर्व्हिसनं चालू केला तर दुसरीकडं. कॅटलिना.बेस वापरून पत्ता लिहा. आणि एक्सेप्शन शेवटचा आर्ग्युमेंट म्हणून जसंच्या तसं द्या. अधिक चिन्हानं मेसेजला चिकटवलंत की स्टॅक ट्रेस गेला.

मार्गदर्शकाबद्दल माझं मत कडू आहे. लॉग न विचारता ‘रीस्टार्ट मार’ म्हणणारा सीनियर कितीही वर्षांचा असो, त्याच्याकडून चहा प्या, शिकू नका. रीस्टार्टनं गाडी चालू होते, पण अडकलेल्या थ्रेडची अवस्था पुसली जाते. आधी जेस्टॅक (सगळे थ्रेड कुठं थांबलेत ते छापणारी जावाची कमांड) घ्या, मग काय ते मारा. उलट, ‘पहिली ओळ वाचून दाखव’ म्हणून छळणारा भेटला तर त्याला सोडू नका. असा माणूस मिळायला पुण्यालाच जायला पाहिजे असंही नाही. मला उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपचं सॉफ्टवेअर एकट्यानं सांभाळणारे काका भेटले. स्प्रिंग त्यांना फारसं येत नव्हतं, लॉग मात्र वरून खाली वाचायचे, शेवटच्या ‘कॉज्ड बाय’पर्यंत.

वाचून हे हातात बसत नाही. एखाद्या रविवारी लॅपटॉपवर रिकामा टॉमकॅट उतरवा, साधी वॉर फाइल करा, तिच्या लिबमध्ये मुद्दाम लॉगबॅक-टेस्ट.एक्सएमएल भरलेली जार टाका आणि क्लासेसमध्ये तुमची लॉगबॅक.एक्सएमएल ठेवा. तुमच्या फाइलीत लेव्हल बदलून बघा, काहीही होणार नाही. मग सेटएन्व्हमध्ये लिसनर लावा आणि कॅटलिना.आउटमध्ये ‘फाउंड रिसोर्स’ची ओळ शोधा.