कन्नड येत नसताना ‘कल्लरळि हूवागि’ कसा बघायचा

22 वर्षं मी कोल्हापूर-बेळगाव गाडीवर कंडक्टर होतो. एवढ्या वर्षांत कन्नड जमलं ते आकडे, गावांची नावं आणि ‘मुंदे होगरी’, म्हणजे पुढं सरका. तेवढ्या भांडवलावर हा सिनेमा मी तीनदा बघितलाय. पहिल्यांदा काही कळला नाही, दुसऱ्यांदा निम्मा कळला आणि तिसऱ्यांदा डोळ्यांत पाणी आलं. तुमची पहिली खेप फुकट जाऊ नये म्हणून लिहितोय.

आधी नावाची फोड करून घ्या. कल्लु म्हणजे दगड, अरळु म्हणजे उमलणं, हूवु म्हणजे फूल. दगड उमलून त्याचं फूल व्हावं, असा भाव. मला हे नाव इंग्रजी अक्षरांत मिळालं होतं, त्यात ल आणि ळ सारखेच. कळ्ळु म्हणजे ताडी, एवढं गाडीवर कानावर पडलेलं. त्यामुळे हिला मी छातीठोक सांगितलं की सिनेमा ताडीवर आहे. निम्म्यापर्यंत आम्ही ताडीची वाट बघत होतो.

आता इतिहास, फक्त लागेल तेवढा. जागा चित्रदुर्ग, काळ अठराव्या शतकाचा उत्तरार्ध. गडावर शेवटचा नायक मदकरी, समोर म्हैसूरचा हैदर अली. 1777मध्ये हैदरानं वेढा घातला आणि 1779मध्ये दुर्ग पडला. नायकाला कैद करून श्रीरंगपट्टणला नेलं. या धामधुमीत दुर्गाचा एक हिंदू तरुण आणि एक मुसलमान मुलगी, एवढीच गोष्ट. ती बी. एल. वेणू यांच्या कादंबरीवरून घेतलीय. दिग्दर्शक टी. एस. नागाभरण, साल 2006. राष्ट्रीय एकात्मतेसाठीचा नर्गिस दत्त पुरस्कार याच सिनेमाला मिळाला. तरुण आहे विजय राघवेंद्र, मुलगी उमाशंकरी आणि मदकरी नायक झालाय अंबरीश. त्याला ओळखायला भाषा लागत नाही, तो नुसता उभा राहिला तरी गड त्याचा आहे हे कळतं.

बघायला बसताना एक चूक टाळा, मी ती केली होती. इकडं हिंदू, तिकडं मुसलमान अशा दोन रांगा मनात लावून बसू नका. त्या काळाला त्या रांगा लागू पडत नाहीत. नायकाच्या पदरी मुसलमान शिपाई होते. आणि आपले लोक कुठं होते म्हणाल, तर 1770मध्ये थोरल्या माधवराव पेशव्यांनी हैदराकडून निजगलचा किल्ला घेतला, तेव्हा चित्रदुर्गाचे बेरड त्यांच्या बाजूनं लढत होते. कोण कुणाच्या बाजूला, हे हंगामाप्रमाणं बदलायचं. हे डोक्यात असलं की त्या दोघांचं प्रेम जगावेगळं वाटत नाही. त्यांच्याभोवती उठलेला गदारोळच जास्त विचित्र वाटतो.

शब्दांचं म्हणाल तर थोडेच पाठ करा: कोटे म्हणजे कोट, अव्व म्हणजे आई, तंगी म्हणजे धाकटी बहीण, मग म्हणजे मुलगा, मगळु म्हणजे मुलगी. अक्का आणि अण्णा आपल्या घरात आहेतच. युद्धाच्या आरडाओरड्यातलं कळलं नाही तरी बिघडत नाही. माणसं एकमेकांना काय हाक मारतात तिकडं कान द्या. कुणी कुणाला घरातलं मानलं आणि कुणी परकं ठेवलं, ते हाकेतच कळतं. खालच्या इंग्रजी ओळी वाचायच्या असतील तर दुसऱ्या खेपेला वाचा. पहिल्या खेपेला वाचत बसलात तर चेहरे निसटतात. हंसलेखांची गाणी मात्र पळवू नका.

मग जमलं तर गडावर जा. कोल्हापूरहून पुणे-बेंगळुरू हमरस्त्यानं साधारण 400 किलोमीटर, बेळगाव, हुबळी, दावणगेरे करत. दावणगेरेला बेण्णे दोसा खा, म्हणजे लोण्यातला डोसा. तिथून दुर्ग तासाभरावर. गडाला एळुसुत्तिन कोटे म्हणतात, सात वेढ्यांचा कोट. एळु म्हणजे सात, हा आकडा मी हजारदा तिकिटासाठी ऐकलेला! सकाळी लवकर चढा. सगळा कातळ आहे, दुपारी तव्यासारखा तापतो. आम्ही बारा वाजता निघालो होतो, तेही चपला घालून. दुसऱ्या दारापर्यंत एकमेकांशी बोलणं बंद झालेलं.

वर दारू दळायची मोठमोठी जाती आहेत (बंदुकीची दारू, माझी ताडी नव्हे), अक्का-तंगीचं तळं आहे, हिडिंबेश्वराचं देऊळ आहे. वाटाड्याला मी विचारलं, त्या दोघांची समाधी कुठं? तो खो खो हसला. ती माणसं कादंबरीतली, इथं कुठली सापडायची! मग तो आम्हाला ओबव्वा नावाच्या बाईच्या किंडीकडं, म्हणजे फटीकडं, घेऊन गेला. तिचा नवरा कहळे म्हणजे शिंग वाजवणारा पहारेकरी. तो जेवायला घरी आलेला, ती पाण्याला गेली आणि तिनं बघितलं की दगडांच्या फटीतून हैदराचे शिपाई एकेक करून आत शिरतायत. नवऱ्याला जेवू दिलं आणि स्वतः ओनके, म्हणजे मुसळ, घेऊन फटीशी उभी राहिली.

ती फट अजून आहे. अंग तिरकं करून, पोट आत ओढून शिरावं लागतं. मी निम्म्यात अडकलो आणि उगाच वर नजर गेली, मुसळ येतंय का बघायला. मागून ही म्हणाली, “मुंदे होगरी.”