निफेडिपिनने नाडी का वाढते? बेळगावला नव्याने आलेल्यांसाठी

दुसऱ्या वर्षाच्या फार्माकॉलॉजीत माझी खरी दमछाक झाली ती कॅल्शियम चॅनेल ब्लॉकर्समध्ये, म्हणजे पेशीत कॅल्शियम आत जायची वाट अडवणाऱ्या निफेडिपिनसारख्या बीपीच्या औषधांमध्ये. म्हणून खानापूर-निपाणीकडच्या मराठी शाळांतून बेळगावला आलेल्यांसाठी हे लिहितेय. एसए नोड (हृदयाचे ठोके सुरू करणारी गाठ), व्हेगस (ठोके मंदावणारी नर्व्ह), सिंपथेटिक (ठोके वाढवणाऱ्या नर्व्ह) हे तुम्हाला येतं असं धरते.

एसए नोडची प्रत्येक ठिणगी एल-टाइप चॅनेलमधून आत येणाऱ्या कॅल्शियमवर उठते. मग चॅनेल अडवला की ठोके कमीच व्हायला हवेत, असं डोक्यात बसतं. सापळा तोच. याच गटातल्या व्हेरापामिल, डिल्टियाझेमपर्यंत हे जमतं; निफेडिपिनला नाडी उलट वाढते. कारण नेहमीच्या डोसला निफेडिपिनचा जोर हृदयापेक्षा रक्तवाहिन्यांवर फार जास्त. वाहिन्या सैलावतात, बीपी उतरतं. कॅरोटिड सायनस (मानेतल्या धमनीचा फुगीर भाग) आणि महाधमनीच्या कमानीतले बॅरोरिसेप्टर, म्हणजे बीपी ओळखणारे सेन्सर, कमी ताणले जातात, नवव्या-दहाव्या क्रेनियल नर्व्हमधून मेडुलाकडे (मेंदूच्या तळाकडच्या भागाकडे) जाणारे संदेश मंदावतात. मेडुला व्हेगसचा लगाम सैल सोडतो, सिंपथेटिक वाढवतो, आणि ठोके चढतात. व्हेरापामिलनेही हा रिफ्लेक्स जागा होतो, पण नोडच दबलेला असल्यामुळे त्याचं फारसं चालत नाही. हे वाक्य परत वाचा. थेट परिणाम एक, मज्जासंस्थेचं उत्तर दुसरं. नाडीत दिसते ती दोघांची बेरीज.

सीनियरच्या झेरॉक्स नोट्समध्ये नुसते वर-खाली बाण असतात. त्या मला अजिबात पटत नाहीत. मराठीतून विचारलेल्या शंकेलाही फळ्यावर अख्खं चक्र काढून दाखवणारे सर मिळाले, तर त्यांना सोडू नका.

अ‍ॅम्लोडिपिन हे त्याच गटातलं औषध सावकाश चढतं, अर्धायुष्य (रक्तातलं औषध निम्मं व्हायला लागणारा वेळ) ३० ते ५० तास, म्हणून धडधड कमी. सिल्निडिपिन सिंपथेटिक नर्व्हच्या टोकांवरचे एन-टाइप चॅनेलही अडवतं, त्यामुळे नॉरअ‍ॅड्रेनलिन हे ठोके वाढवणारं रसायन कमी सुटतं.

बीटा ब्लॉकरबरोबर (सिंपथेटिकचा हृदयावरचा जोर रोखणाऱ्या औषधाबरोबर) व्हेरापामिल मात्र जिवावर बेतू शकतं: दोघंही एव्ही नोड (हृदयाच्या वरच्या कप्प्यांतला संदेश खालच्या कप्प्यांकडे सोडणारी गाठ) मंदावतात, हार्ट ब्लॉक होऊ शकतो, म्हणजे तो संदेश वाटेत अडू शकतो. निफेडिपिनबरोबर तोच बीटा ब्लॉकर धडधड आवरतो. घाबरू नका, चक्र स्वतःच्या हाताने काढता आलं की हे दोन्ही आपोआप सुचतं.

वॉर्डात बीपीची गोळी नुकतीच सुरू झालेला पेशंट दिसला की गोळीचं पाकीट बघा, मग पूर्ण मिनिटभर नाडी मोजा. ‘छातीत धडधडतंय का?’ हे कन्नडमध्येही विचारायला शिका. गोकाक, बैलहोंगलकडचे आजोबा मराठीत सांगतील म्हणून थांबू नका.