छोट्या व्ही-तळाच्या होडीवर आउटबोर्ड मोटर किती उंच बसवावी?

वळण घेतलं की इंजिन किंचाळतं आणि होडी मात्र मंदावते? मोटर बहुधा उंच बसली आहे. मागे पाण्याचे फवारे उडतात, हँडल जड लागतं, वेगही येत नाही? मग ती खोल असेल. नवा प्रोपेलर घेण्याआधी उंची तपासा, त्याला खर्च नाही.

आधी मागची फळी, म्हणजे ट्रान्सम मोजा: वरच्या कडेपासून तळाच्या मधल्या कण्यापर्यंत. मोटरी साधारण १५, २० किंवा २५ इंची ट्रान्समसाठी येतात. १५ इंची फळीवर २० इंची मोटर लावली, तर ती पाच इंच खोल जाणार. हा फरक ब्रॅकेटचं एखाद-दुसरं भोक सरकवून भरून निघत नाही.

आता होडी ट्रेलरवर असतानाच मोटर खाली सोडा. प्रोपेलरच्या वर एक आडवी चपटी प्लेट दिसेल. सगळे तिला कॅव्हिटेशन प्लेट म्हणतात, पण तिचं खरं काम प्रोपेलरला पृष्ठभागावरची हवा ओढू न देणं. प्लेट तळाला समांतर येईल असा ट्रिम, म्हणजे मोटरचा पुढे-मागे कल, ठेवा. मग एक लांब सरळ पट्टी कण्याला खालून टेकवून मागे प्लेटपर्यंत न्या. चूक इथेच होते: पट्टी बाजूच्या उताराला लावली की माप फसतं. व्हीचं सगळ्यात खालचं टोकच धरायचं. प्लेट या रेषेत किंवा फार तर इंचभर वर असली की सुरुवात ठीक.

क्लॅम्पची मोटर उचलायची तर फळीच्या माथ्यावर कडक लाकडाची पट्टी बसवा, पण क्लॅम्पची पकड अजून भक्कम फळीवरच आहे ना, ते बघा. बोल्टच्या मोटरींच्या ब्रॅकेटला भोकं असतात, बहुधा पाऊण इंचाच्या अंतराने. मोटरचं वजन चेनब्लॉकवर घेतल्याशिवाय बोल्ट काढू नका.

खरा निकाल मात्र पाण्यात लागतो. नेहमीचं वजन आणि इंधन घ्या, किल-स्विचची, म्हणजे चालवणारा पडला तर इंजिन बंद करणारी, दोरी अंगाला अडकवा. होडी वेगाने वर उचलली जाऊन पाण्यावरून घसरत धावू लागली की सोबत्याला मागे पाहायला सांगा. चालवणाऱ्याने मान वळवायची नाही. प्लेटवरून पाण्याचा पातळ थर सरकताना दिसला तर उंची जमली. प्लेट फेसात बुडालेली असेल तर मोटर एक भोक वर घ्या आणि परत चालवा. दरवेळी एकच भोक.

वळणात पकड सुटली किंवा थंडाव्याच्या पाण्याची धार बारीक झाली, की लगेच एक भोक खाली. वेग थोडा कमी मिळाला तरी चालेल, इंजिन तापलेलं परवडत नाही. पूर्ण थ्रॉटलला आरपीएम पुस्तिकेतल्या मर्यादेत येतो का तेही पाहा. उंची जमूनही येत नसेल, तर मात्र प्रोपेलरचा पिच, म्हणजे एका फेऱ्यात तो किती पुढे सरकेल ते माप, तपासा.

शेवटी बोल्ट मरीन सीलंट लावून आवळा, जुनी उघडी राहिलेली भोकंही बुजवा. फळीत पाणी मुरलं की लाकूड आतून कुजतं आणि बाहेरून काहीच दिसत नाही.