पुण्याहून एका दिवसाची सहल: गाडी काढण्याआधी या चुका टाळा

पहिला मोठा पाऊस झाला की मला एकाच प्रकारचे फोन येऊ लागतात. "काका, रविवारी गाडी काढतोय, कुठे जाऊ?" हा प्रश्न शुक्रवारी रात्री दहा वाजता विचारला जातो आणि सोमवारी त्याच मंडळींकडून कोंडीची, बंद घाटाची किंवा गाडीत उलट्या करणाऱ्या मुलांची कहाणी ऐकावी लागते. गेली वीसेक वर्षे मी कोथरूडहून पहाटे निघून रात्रीच्या जेवणाला घरी परतण्याच्या बेताने ताम्हिणी, भोर, जुन्नर, वाई, सातारा अशा सगळ्या दिशांना गाडी चालवत आलो आहे. खाली सांगितलेल्या बहुतेक चुका मी स्वतः केलेल्या आहेत, म्हणून त्यांचे मला आश्चर्य वाटत नाही. त्याच चुका दर वर्षी नव्या गाडीतून होताना पाहून कंटाळा मात्र येतो.

किलोमीटर मोजून बेत आखणे

सर्वांत जास्त सहली या एका चुकीने वाया जातात. काही वर्षांपूर्वी सप्टेंबरच्या शेवटी माझ्या भाच्याने दोन गाड्या आणि आठ माणसे असा बेत ठरवला. कासची फुले, सज्जनगड, ठोसेघरचा धबधबा आणि शेवटी महाबळेश्वरला सूर्यास्त, हे सारे एकाच दिवसात उरकायचे होते. पुण्याहून सातारा साधारण ११० किलोमीटर, तिथून कास पंचवीस, परत सातारा, मग ठोसेघरला जाऊन येऊन पन्नास, पुढे मेढ्यावरून महाबळेश्वर पंचावन्न आणि तिथून पुणे १२० अशी बेरीज त्याने मला अभिमानाने दाखवली. "चारशेच्या आतच तर होतात, मामा. आठ तासांचं ड्रायव्हिंग."

सहाला निघायचे ठरले होते, ते पावणेआठला निघालो, कारण दुसऱ्या गाडीतल्या एकाला कॅमेऱ्याचा चार्जर सापडत नव्हता. खेड शिवापूरला टोलनाक्याची रांग, पुढे मिसळीसाठी पाऊण तास, खंबाटकीत बंद पडलेल्या ट्रकमागे पंचवीस मिनिटे, असे करत आम्ही साताऱ्यात पोहोचलो तेव्हा पावणेबारा वाजले होते. कासला गाडी लावून पठारावर पाय ठेवायला दीड वाजला. पठार तेरड्याने गुलाबी झाले होते आणि खाली वाकून पाहिले की गवतात सीतेची आसवे दिसत होती. ते दृश्य पाहायलाच आम्ही आलो होतो, पण भाच्याचे सारे लक्ष घड्याळाकडे होते, कारण अजून तीन ठिकाणे उरकायची होती. तासाभरात त्याने सगळ्यांना गाडीत कोंबले. सज्जनगड आम्ही खालून पाहिला, ठोसेघरला अर्धा तास मिळाला आणि महाबळेश्वरचा म्हणून ठरवलेला सूर्यास्त मेढ्याच्या अलीकडे चाऱ्याने भरलेल्या टेम्पोच्या मागून पाहावा लागला. केळघरच्या घाटात अंधार आणि धुके दोन्ही एकदमच आले. आम्ही घरी पोहोचलो तेव्हा रात्रीचे साडेबारा वाजून गेले होते, आणि माझी बहीण त्यानंतर आठवडाभर कोणाशी धड बोलली नाही.

तेव्हापासून मी किलोमीटर मोजणे सोडून दिले आहे. महामार्गावर ताशी साठ आणि घाटात किंवा गावागावांतून जाणाऱ्या रस्त्यावर ताशी तीस हाच वेग मी धरतो, मग गाडी कितीही दमदार असो. मोबाईलवरचा नकाशा जो वेळ दाखवतो तो न थांबता जाणाऱ्याचा असतो. त्यात चहा, लघवी, फोटो आणि पार्किंग शोधणे धरलेले नसते, म्हणून त्याच्या दीडपट वेळ मी वहीत लिहितो. दिवसाचे मुख्य ठिकाण एकच ठेवतो आणि दुसरे जमले तर. दुपारी दीडपर्यंत पहिले ठिकाण मनासारखे पाहून झाले नाही, तर दुसरे रद्द होते आणि त्यावर गाडीत चर्चा होत नाही. परतीचा प्रवास उजेडातच संपला पाहिजे असा माझा आग्रह नाही, पण घाट मात्र उजेडातच पार झाला पाहिजे. जूनअखेरीस पुण्यात सूर्य सव्वासातच्या सुमारास मावळतो, तर डिसेंबरच्या मध्यावर सहाच्या सुमारास. उन्हाळ्यात जमलेला बेत हिवाळ्यात जसाच्या तसा चालवणाऱ्यांना हा सव्वा तास नेमका घाटात आठवतो.

कासच्या बाबतीत आणखी एक. पश्चिम घाटातील जी स्थळे २०१२ मध्ये जागतिक वारसा म्हणून नोंदली गेली त्यांत कासचे पठार आहे, आणि फुलांच्या हंगामात तिथे प्रवेशासाठी आगाऊ ऑनलाइन नोंदणी करावी लागते. शनिवारी रात्री नोंदणी करायला बसून रविवारी जागा नाही म्हणून चिडणाऱ्यांना मी सरळ बुधवारी जायला सांगतो.

नकाशाने सुचवलेला जवळचा रस्ता

मुळशी धरणाच्या मागच्या अंगाला, जुलै महिन्यात, मोबाईलने बावीस मिनिटे वाचवणारा रस्ता दाखवला आणि मी तो घेतला. डांबर संपले, खडी आली, खडी संपली आणि दोन भातखाचरांच्या मधल्या लाल चिखलात पुढची दोन्ही चाके अर्धी रुतली. शेजारच्या खाचरात चिखलणी चालू होती. ती सोडून एक शेतकरी ट्रॅक्टर घेऊन आला, त्याने दोर बांधून आम्हाला बाहेर ओढले आणि पैसे काही घेतले नाहीत. दोर गुंडाळताना तो एवढेच म्हणाला, "या महिन्यातली ही तिसरी." वाचवलेल्या बावीस मिनिटांपायी दोन तास गेले.

नकाशा रस्त्याची लांबी जाणतो, त्याच्यावर काल रात्री काय कोसळले हे त्याला माहीत असेलच असे नाही. त्यामुळे जिथून एसटी जाते तो रस्ता, हा माझा जुना नियम मी अजून सोडलेला नाही. नकाशाने अनोळखी फाटा सुचवला तर फाट्यावरच्या टपरीत चहा घ्यावा आणि "या रस्त्याने एसटी जाते का?" असे विचारावे. नुसते "गाडी जाते का?" विचारले तर उत्तर होकारार्थीच मिळते, कारण सांगणाऱ्याच्या डोळ्यांसमोर जीप असते. घाटात अनेक ठिकाणी मोबाईलला रेंज नसते, तेव्हा नकाशा घरूनच उतरवून घ्यावा.

वरंध घाटाबद्दल वेगळे सांगायला हवे. भोरहून महाडकडे उतरणारा हा रस्ता फार देखणा आहे, पण दरडींमुळे पावसाळ्यात प्रशासन तो वरचेवर बंद करते. आदल्या दिवशी बातम्या पाहाव्यात आणि भोरमध्ये पुन्हा एकदा विचारावे. बंदीचा फलक बाजूला सरकवून पुढे जाणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांना सल्ला देण्यात अर्थ नसतो.

घाट उतरताना ब्रेकवर पाय

ही माझी दुसरी आवडती चूक, आणि नव्या स्वयंचलित गाड्यांमुळे ती वाढली आहे. एका मित्राच्या महिनाभर जुन्या गाडीतून आम्ही ताम्हिणी उतरत होतो. गाडी डी मध्ये, म्हणजे गिअर आपोआप बदलणाऱ्या नेहमीच्या स्थितीत, आणि त्याचा उजवा पाय वरपासून सतत ब्रेकवर, हलकेच टेकलेला. मी दोनदा बोललो, पण "ऑटोमॅटिक आहे, ती बघून घेते" असे उत्तर मिळाले. पाऊण घाट उतरल्यावर जळक्या रबरासारखा उग्र वास आला आणि पुढच्याच वळणावर ब्रेकचे पेडल नेहमीपेक्षा खोल गेले. गाडी वळली खरी, पण त्याचा चेहरा पांढरा पडला होता. रुंद जागा पाहून थांबलो तर हा पाण्याची बाटली घेऊन चाकावर ओतायला निघाला. मी त्याचा हात धरला, कारण तापलेल्या डिस्कवर गार पाणी पडले तर ती वाकू शकते. चाकांमागे दगड लावून आम्ही चाळीस मिनिटे नुसते बसून राहिलो.

यामागचे कारण साधे आहे. सतत घासून ब्रेकचे पॅड तापतात आणि पकड सोडू लागतात. उष्णता ब्रेक ऑइलपर्यंत पोहोचली की ते उकळून त्यात वाफेचे बुडबुडे होतात. बुडबुडे दाबले जातात, दाब पुढे जात नाही आणि पेडल पोकळ लागते. हे ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. डॉट ४ प्रकारच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो, तर पाणी शोषलेल्या ऑइलसाठी तीच किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. म्हणून ते मी दर दोन वर्षांनी, पावसाळ्याच्या आधी, बदलून घेतो. गॅरेजवाला "अजून चालेल" म्हणाला तरी.

ज्या गिअरमध्ये घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरा, हे जुन्या ट्रकचालकांचे सांगणे आजही तंतोतंत खरे आहे, कारण खालच्या गिअरमध्ये इंजिनच गाडीला रोखून धरते. स्वयंचलित गाडीत खालच्या गिअरसाठी एल किंवा हाताने गिअर निवडायला मॅन्युअलची सोय असते. ती कशी वापरायची हे घाटात शिकू नये, आदल्या दिवशी पाषाणच्या उतारावर शिकावे. ब्रेक थोडा वेळ ठाम दाबून वेग उतरवावा आणि पाय पूर्ण काढावा. पेट्रोल वाचवण्यासाठी न्यूट्रलमध्ये उतरणाऱ्यांची मला विशेष चीड आहे, कारण त्यात काही वाचतच नाही: आजच्या इंजेक्शन इंजिनात गाडी गिअरमध्ये असून अॅक्सिलरेटर सोडला की इंधनाचा पुरवठा बंद होतो, उलट न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवण्यासाठी पेट्रोल जळतच राहते. इंजिन बंद करून उतरणारे तर ब्रेकला मिळणारी मदतही गमावतात. दोन-तीनदा पाय मारला की पेडल दगडासारखे घट्ट होते.

बाकीच्या, थोडक्यात

अरुंद घाटरस्त्यात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यावी. टाकी पौडला किंवा भोरला भरून घ्यावी, काटा लाल झाल्यावर नव्हे. ज्यांना गाडी लागते त्यांना पुढे बसवावे आणि सकाळी वडापाव देऊ नये. पावसात धबधबा दिसला म्हणून दरडीखाली किंवा वळणावर गाडी लावू नये. मोरीवरून पाणी वाहत असेल तर मागे फिरावे. गुडघाभर वाहते पाणीसुद्धा छोटी गाडी कडेला ढकलते. धुक्यात चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावू नयेत, कारण मागच्याला तुम्ही थांबला आहात की वळणार आहात ते कळत नाही. हेडलाइट डिपरवर ठेवणे पुरेसे असते.

काच धुरकटली की लोक रुमालाने पुसत बसतात. आतून ओली असेल तर तो भिजलेल्या माणसांच्या कपड्यांतला आणि श्वासातला ओलावा असतो. एसी चालू करावा, हवा काचेवर सोडावी आणि बाहेरची हवा आत घ्यावी, म्हणजे दोनेक मिनिटांत काच स्वच्छ होते. बाहेरून धुरकटली असेल तर एसीने काच फार गार झालेली असते. तेव्हा तापमान थोडे वाढवावे आणि वायपर एकदा फिरवावा. कोणती बाजू ओली आहे हे बोटाने रेघ ओढून पाहावे. माझ्या गाडीच्या काचेवर अशा रेघा कायम असतात आणि बायकोला त्या आवडत नाहीत.