लिव्हरवर्ट ओळखताना या चुका टाळा: सगळंच चपटं हिरवं मर्केंशिया नसतं

पाऊस लागला की बेळगावकडच्या जांबोटी-कणकुंबीच्या वाटेवरचा जांभा हिरवागार होतो. त्या हिरव्यात जे काही चपटं, जमिनीला चिकटलेलं आणि खोड-पानं नसलेलं दिसेल त्याचा मोबाइलवर फोटो काढायचा आणि खाली ‘मर्केंशिया’ हे एका लिव्हरवर्टचं, म्हणजे शेवाळाच्या नात्यातल्या बिनफुलाच्या वनस्पतीचं, नाव लिहून मोकळं व्हायचं, ही खोड बी.एस्सी.च्या मुलांपासून हौशी निसर्गप्रेमींपर्यंत सगळ्यांना आहे. दोष एकट्या त्यांचा नाही. पाठ्यपुस्तकात पहिल्यापासून चित्र मर्केंशियाचंच असतं. मग डोळ्यांना दुसरं काही दिसायला हवं तरी कशाला?

या सवयीमुळे हमखास नजरेआड होणारं लिव्हरवर्ट म्हणजे टार्जिओनिया हायपोफायला. लिनियसने १७५३ साली या प्रजातीला नाव दिलं. भूमध्य समुद्राभोवतीचे देश, आफ्रिका, अमेरिकेचा पश्चिम किनारा असा तिचा मोठा पसारा आहे आणि आपल्या सह्याद्रीतही ती चांगली रुजलेली आहे. बेळगावच्या पूर्वेला गोकाक-अथणीकडच्या कोरड्या काळ्या रानात तिच्यामागे वेळ घालवू नका. खानापूर तालुक्याचा पश्चिम भाग, चोर्ल्याकडचा रस्ता, पलीकडे चंदगड, अशा ठिकाणी मातीच्या कापलेल्या कडा, जुन्या गडग्यांच्या फटी आणि झाडाच्या सावलीतले बांध बघा. शेतात किंवा सपाट माळावर बघू नका. कडा उभी असेल, पाणी वाहून जात असेल आणि ओल मात्र टिकत असेल, तर तिथे थांबायला हरकत नाही.

पहिली चूक: वरून बघूनच नाव देणं

वरून टार्जिओनिया तसा साधाच दिसतो. गडद हिरवी, जाडसर, चामड्यासारखी पट्टी, रुंदी साधारण २ ते ४ मिलिमीटर. दहा पट भिंगातून पाहिलं की पृष्ठभागावर बारीक बहुकोनी कप्पे दिसतात आणि प्रत्येक कप्प्याच्या मधोमध एक पांढुरका ठिपका. तो ठिपका म्हणजे हवेचं छिद्र. खाली हवेची पोकळी असते आणि तिच्यात हरितद्रव्य असलेल्या पेशींचे तंतू उभे असतात. अन्न तयार करण्याचं काम तिथे चालतं. पण अशी छिद्रं आणि असे कप्पे मर्केंशियालाही असतात, प्लॅजिओकॅझ्मा आणि अॅस्टेरेला या दुसऱ्या लिव्हरवर्टांनाही असतात. त्यामुळे वरच्या बाजूच्या एकट्या फोटोवरून कुणी छातीठोकपणे नाव सांगत असेल तर त्याचं कौतुक करा, विश्वास ठेवू नका.

आता तीच पट्टी चिमट्याने हळूच उचला आणि उलटी करा. मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना जांभळट-काळ्या खवल्यांच्या दोन रांगा दिसतील. प्रत्येक खवल्याच्या टोकाला एक निमुळतं शेपूट असतं. मधून रायझॉइडचे, म्हणजे मुळांचं काम करणारे, केस मातीत शिरलेले असतात. हे झालं खालचं सर्वसाधारण रूप. खरी ओळख पट्टीच्या अगदी टोकाला, खालच्या बाजूला आहे. तिथे एक छोटी, चकचकीत, काळपट जांभळी, दोन झडपांची पेटी असते. मिटलेला शिंपला जसा दिसतो, हुबेहूब तशी. या शिंपल्याच्या आत स्त्रीबीजांड फलित झाल्यावर बीजाणूंची गोल कुपी वाढते. ही पेटी सापडली की संशयाला फारशी जागा उरत नाही.

गंमत म्हणजे पुष्कळांना ती दिसते, पण ते तिला किड्याची अंडी समजतात, नाहीतर पट्टीचं टोक कुजलंय असं समजून खुडून टाकतात. ओळखीची खूणच कचऱ्यात जाते. टोकाला काळं काही दिसलं तर आधी सुईने टोचून पाहा. कुजलेला भाग मऊ लागतो आणि पसरतो. पेटीच्या झडपा टणक असतात आणि मधल्या फटीतून नीट उघडतात.

दुसरी चूक: देठ येण्याची वाट बघत बसणं

‘अजून देठ आला नाही, आला की ओळखू,’ असं म्हणून नमुना तसाच सोडून देणारे भेटतात. टार्जिओनियाला मर्केंशियासारखी उंच देठावरची, जननावयवांची तबकडी कधीच येत नाही. जे काही घडतं ते त्या खालच्या पेटीतच. नराचे अवयव बाजूच्या आखूड फांद्यांच्या टोकाला लहान चकत्यांसारखे असतात, तेही शोधावे लागतात.

देठ असेलच तर तो कुठून उगवला आहे हे बघणं सगळ्यात उपयोगाचं आहे. पट्टीच्या पाठीवर, टोकापासून मागे आखूड देठ उभा असेल तर प्लॅजिओकॅझ्मा. मर्केंशिया आणि अॅस्टेरेलामध्ये देठ टोकाच्या खाचेतून निघतो. खात्री करायची असेल तर देठाचा आडवा छेद घ्या. मर्केंशियाच्या देठात रायझॉइडच्या दोन खाचा असतात, अॅस्टेरेलाच्या देठात एक आणि प्लॅजिओकॅझ्माच्या देठात एकही नाही. अॅस्टेरेलाच्या डोक्याखाली पांढरी झालरही लोंबते, ती नुसत्या डोळ्यांनी दिसते. रिक्सिया या आणखी एका लिव्हरवर्टचं प्रकरण निराळं. त्याचा सगळा बीजाणूधारी भाग थॅलसच्या, म्हणजे त्या चपट्या हिरव्या पट्टीच्या, आतच गाडलेला असतो. देठ नाही, पेटी नाही, थॅलस कुजला की बीजाणू मोकळे होतात. जूनच्या पहिल्या सरींनंतर ओल्या मातीवर गोल चकत्यांसारखा पसरतो तो बहुतेक वेळा रिक्सियाच.

तिसरी चूक: वाळलेलं म्हणजे मेलेलं समजणं

पाऊस उघडला, चार दिवस कडक ऊन पडलं, की टार्जिओनियाच्या दोन्ही कडा वर आणि आत वळतात. पट्टीची काळी बारीक नळी होते. वरचा हिरवा भाग आत झाकला जातो आणि बाहेर फक्त जांभळे-काळे खवले राहतात. आठवड्यापूर्वी हिरवी दिसलेली कडा आता जळल्यासारखी दिसते आणि लोक पुढे निघून जातात. बाटलीतलं थोडं पाणी शिंपडा आणि थांबा. नळ्या उलगडायला लागतात, हिरवा रंग परत दिसतो. हा वाळून पुन्हा जिवंत होण्याचा गुण आहे म्हणूनच हे झाड उन्हाच्या कडेवर टिकतं. उलट वाळलेल्या अवस्थेत खालची बाजू आपोआप उघडी पडत असल्याने त्या काळ्या पेट्या शोधणं सोपंच जातं. नवख्या माणसाने पावसाळ्याच्या ऐन भरात जाण्यापेक्षा पाऊस ओसरल्यावर जावं असं माझं मत आहे. चिखल कमी, जळवा कमी आणि पेट्या पिकलेल्या.

चौथी चूक: रंगावर भरवसा

जांभळी कड म्हणजे टार्जिओनिया, असं एक सोपं सूत्र फिरत असतं. ते सोडून द्या. उघड्यावरच्या थॅलसमध्ये रंगद्रव्य जास्त धरतं, दाट सावलीतला तोच थॅलस जवळजवळ पूर्ण हिरवा राहतो. शिवाय प्लॅजिओकॅझ्मालाही जांभळी कड असते, कित्येक रिक्सियांनाही असते.

सायॅथोडियमशी गल्लत

पेटी टोकाच्या खाली असलेलं आणखी एक लिव्हरवर्ट आपल्याकडे भेटतं, ते म्हणजे सायॅथोडियम. पण ते हातात घेतलं की गोंधळ मिटतो. टार्जिओनिया जाड, चिवट. सायॅथोडियम इतका नाजूक की बोटाला चिकटून फाटतो. रंग फिकट पिवळसर हिरवा, आरपार दिसणारा. छेद घेतला तर वरचा आणि खालचा पेशींचा थर आणि मधे हवेच्या पोकळ्या, एवढाच त्याचा संसार. विहिरीच्या आतल्या भिंती, पायऱ्यांच्या खालचा अंधार, कपारी अशा जागी तो एका विशिष्ट कोनातून सोनेरी-हिरवा चमकतो. तो स्वतः प्रकाश देत नाही, पडलेला प्रकाश परत फेकतो. रात्री बॅटरी बंद करून ‘चमकतंय का’ बघणाऱ्यांना काहीही दिसणार नाही.

सायॅथोडियमच्या नादात गुहांत मात्र शिरू नका. भीमगड अभयारण्यातल्या बारापेडे गुहा रॉटनच्या मुक्तपुच्छ वटवाघळाचं घर आहेत आणि या दुर्मीळ जातीच्या वस्त्या जगात मोजक्याच ठाऊक आहेत. एका शेवाळाच्या फोटोसाठी त्यांची झोपमोड करण्यात शहाणपणा नाही.

जे लिव्हरवर्टच नाही

पातळ, गडद हिरवी, मधली शीर नसलेली चकती आणि तिच्यात निळे-काळे ठिपके असतील तर ते हॉर्नवर्ट, म्हणजे अँथॉसिरॉस किंवा नोटोथायलास. ते ठिपके नॉस्टॉक या निळ्या-हिरव्या जीवाणूच्या वसाहतींचे. बदामाच्या आकाराचं, बहुतांश एकाच थराचं, छिद्र नसलेलं इवलंसं पान म्हणजे नेच्याचं गॅमेटोफाइट, त्याची बीजाणूपासून उगवलेली छोटी अवस्था. करड्या, कोरड्या, दगडाला घट्ट चिकटलेल्या कातड्या बहुतेक दगडफुलाच्या जातकुळीतल्या. यापलीकडे इथे जास्त खोलात जायची गरज नाही.

गोळा करताना होणाऱ्या चुका

प्लॅस्टिकच्या पिशवीत ओला नमुना घालून संध्याकाळपर्यंत गाडीत ठेवला की घरी येईस्तोवर वास सुटतो. वर्तमानपत्राच्या कागदाची पुडी करा. थॅलस खरवडून काढू नका, चाकूने खालच्या मातीचा पातळ थर घेऊन उचला, म्हणजे खवले आणि पेट्या शाबूत राहतात. फुलझाडांसारखं हर्बेरियम शीटवर, म्हणजे वाळवलेले नमुने जपायच्या कागदावर, दाबून चपटं करू नका. पुडीतच सावलीत वाळू द्या, तपासायच्या वेळी पाण्यात भिजवता येतं. एका पुडीत एकाच जागेचा नमुना, आणि त्यातही दोन जाती मिसळलेल्या नाहीत ना हे भिंगातून बघा. रिक्सिया आणि टार्जिओनिया एकमेकांच्या मांडीला मांडी लावून बसलेले पुष्कळदा सापडतात.

पुडीवर नुसतं ‘चोर्ला घाट’ लिहून भागत नाही. तो घाट कर्नाटकातून गोव्यात उतरतो आणि महाराष्ट्राची हद्द तिथून फार लांब नाही. सीमावादावर आपण तास-तास बोलतो, पुडीवर मात्र तालुका लिहायला विसरतो. गाव, तालुका, राज्य, उंची, जीपीएस, तारीख आणि नमुना कशावर वाढला होता, माती, जांभा की झाडाची साल, एवढं तिथेच पेन्सिलीने लिहा. पेनाची शाई ओलीत पसरते.

भीमगड २०११ साली अभयारण्य झालं. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार त्याच्या हद्दीतून वन खात्याच्या परवानगीशिवाय काहीही उचलता येत नाही, शेवाळसुद्धा. रस्त्याकडेची कडा हद्दीच्या आत आहे की बाहेर हे आधी विचारून घ्या.

सूक्ष्मदर्शकाखाली अडलात तर

*छेद घेतला पण सगळं काळंकुट्ट दिसतंय.* हवेच्या पोकळ्यांत बुडबुडे अडकलेत. छेदावर अल्कोहोलचा एक थेंब टाका, मग पाणी घाला. बुडबुडे निघून गेले की कप्पे आणि आतले तंतू दिसू लागतात.

*छेद जाड येतोय, मुडपतोय.* वाळलेला थॅलस आधी नीट भिजू द्या. मग गाजराच्या चिरेत धरून नव्या ब्लेडने एका दमात कापा. पुढे-मागे करवत चालवू नका. अनेक छेद घ्या आणि त्यातला सगळ्यात पातळ निवडा.

*पेटी उघडली पण आत बीजाणू नाहीत, नुसता हिरवा गोळा आहे.* कुपी कच्ची आहे. त्याच जागी काही आठवड्यांनी पुन्हा जा. पिकलेल्या कुपीत गडद बीजाणू आणि त्यांच्यात मिसळलेले सर्पिल जाडीचे धागे, म्हणजे इलेटर, मिळतात. इलेटर अजिबात नसतील आणि बीजाणू थॅलसच्या आतूनच निघाले असतील, तर तुमच्या हातात रिक्सिया आहे.

*पेटी नाही, देठ नाही, नुसती पट्टी आहे.* खवले आणि छिद्रं पाहून जेवढं सांगता येईल तेवढंच सांगा. पुडीवर ‘टार्जिओनिया?’ असं प्रश्नचिन्हासह लिहिण्यात काहीच कमीपणा नाही. रिक्सियाच्या बाबतीत तर बीजाणूंच्या पृष्ठभागावरची नक्षी पाहिल्याशिवाय प्रजातीचं नाव लिहूच नका. अॅपने सुचवलेलं नाव हे सुचवलेलं नाव आहे. बहुतेक फोटो वरून काढलेले असतात, त्यामुळे अॅपलाही खालची बाजू कुणी दाखवलेली नसते. टाकायचेच तर तीन फोटो टाका: वरची बाजू, उलटवलेली बाजू आणि पेटी किंवा देठाचा जवळून घेतलेला. शेजारी मोजपट्टी ठेवा.