नवी गाडी एका बाजूला ओढतेय? अलाइनमेंटला धावण्याआधी एवढं करा

ज्योतिबाला नारळ फोडून झाला, चाकाखाली लिंबं चिरडून झाली आणि तिसऱ्या दिवशी कागलला जाताना लक्षात आलं, की हात जरा सैल सोडला की गाडी डावीकडे सरकतेय. शोरूमला फोन केला तर म्हणाले, "नवी गाडी आहे साहेब, चालवा, सेट होईल." सेट वगैरे काही होत नाही. तोवर टायर मात्र झिजतात. तसं म्हणून लगेच अलाइनमेंटला, म्हणजे चाकांचे कोन जुळवून घ्यायला, पळायचीही गरज नाही.

आधी तक्रार नेमकी काय आहे ते ठरवा. गाडी सरळ जाते पण स्टिअरिंग घड्याळातल्या अकराच्या काट्यासारखं तिरकं राहतं, ही एक गोष्ट. स्टिअरिंग सरळ धरायला सतत उलट्या बाजूला जोर लावावा लागतो, ही दुसरी. पहिल्यात बहुतेकदा टो (वरून पाहिलं तर चाकं पुढच्या बाजूला किती आत किंवा बाहेर वळलेली आहेत ते माप) चुकलेला असतो आणि ते काम अर्ध्या तासाचं. 80-90 च्या वेगाला स्टिअरिंग थरथरत असेल, तर ते बॅलन्सिंगचं, म्हणजे चाकाचं वजन सगळीकडं सारखं नसल्याचं दुखणं. त्याचा अलाइनमेंटशी संबंध नाही. खरी शोधाशोध करावी लागते ती ओढण्याची.

आता हवा. कारखान्यातून ट्रेलरवर येणाऱ्या गाड्यांच्या टायरात बऱ्याचदा जास्त हवा भरलेली असते, आणि ताबा देताना ती चारही चाकांत सारखी केली जातेच असं नाही. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो, त्यावरचा आकडा बघा. हवा सकाळी, गाडी चालवण्याआधी, टायर थंड असताना मोजायची. माझ्या गाडीत 33 हवी होती. पुढच्या डाव्या चाकात 29 आणि उजव्यात 38 निघाली. कमी हवेच्या बाजूला गाडी ओढणारच! स्वतःचा छोटा मीटर घ्या, फार महाग नसतो.

हवा सारखी केल्यावर माझं ओढणं कमी झालं, पण गेलं नाही.

मग रस्ता तपासा. पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून रस्त्याला कडेकडे उतार दिलेला असतो, आणि आपण डावीकडून चालतो. त्यामुळं हायवेवर गाडी डावीकडे थोडी कलणं हा दोष नव्हे. कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगाव किंवा शिरोली एमआयडीसीतला एखादा सपाट, सरळ रस्ता सुट्टीच्या दिवशी भल्या पहाटे गाठा. 50 च्या आसपास वेग ठेवा, तळवे स्टिअरिंगपासून बोटभर दूर धरा. हात सोडून मांडीवर ठेवायचे नाहीत. सपाट रस्त्यावरही दरवेळी त्याच बाजूला जात असेल, तर दोष गाडीत आहे.

सगळ्यात उपयोगी चाचणी मात्र लोक करत नाहीत. पुढची दोन चाकं डावी-उजवी बदलून बघा. ओढ उजवीकडे गेली किंवा नाहीशी झाली, तर गुन्हेगार टायर. नव्या टायरातही आतल्या पट्ट्यांची मांडणी किंचित वाकडी राहू शकते, बाहेरून काही दिसत नाही. फक्त टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल, तर असा बदल करू नका.

पाच-सहा किलोमीटर, ब्रेक कमीत कमी वापरून चालवा. थांबल्यावर पुढच्या दोन्ही चाकांजवळ हात न्या, टेकवू नका. एक बाजू जास्त तापलेली असेल, तर तिथला ब्रेक चिकटतोय. फक्त ब्रेक दाबल्यावरच ओढत असेल, तरीही संशय तिकडंच.

एवढं होऊनही ओढ तशीच राहिली, तर अलाइनमेंट. आधीचे आणि नंतरचे आकडे असलेला कागद मागून घ्याच. बहुतेक छोट्या गाड्यांत पुढचा टो तेवढा फिरवता येतो, कॅम्बर (समोरून दिसणारा चाकाचा झुकाव) आणि कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा बाजूनं दिसणारा झुकाव) यांना सोयच नसते. आणि टोमुळं स्टिअरिंग तिरकं होतं, टायर झिजतात, पण गाडी सहसा ओढत नाही. म्हणून "टो हिरवा आला", म्हणजे मापात बसला, एवढ्यावर समाधान मानू नका. डाव्या-उजव्या कॅम्बरमध्ये किंवा कॅस्टरमध्ये अर्ध्या अंशाहून जास्त फरक दिसला, तर त्यावर बोट ठेवून विचारा. नव्या गाडीत तो फरक वाकलेल्या भागामुळं किंवा चुकीच्या जुळणीमुळं येतो, आणि ते निस्तरणं कंपनीचं काम.

सर्व्हिस सेंटरला तोंडी सांगू नका. जॉब कार्डवर लिहून घ्या: "50 च्या वेगाला सपाट रस्त्यावर डावीकडे ओढते, हवा तपासली आहे." मग मेकॅनिकला शेजारी बसवून त्याच रस्त्यावर फेरी मारा.

माझ्याकडं चाकं बदलल्यावर गाडी उजवीकडे ओढू लागली. म्हणजे टायर. गाडीच्या वॉरंटीत टायर सहसा धरत नाहीत, त्याची वॉरंटी टायर कंपनीची वेगळी असते. तो दावा डीलरमार्फतच केला, टायर बदलून मिळाला, आणि एमआयडीसीतल्या त्याच रस्त्यावर गाडी नाकासमोर गेली.