मेलेला मेलेलाच दिसला पाहिजे: झॉम्बी मिनिएचर्स कशा रंगवाव्यात

‘झॉम्बिसाइड’ हा बोर्ड गेम २०१२ साली आला. त्याच्या पहिल्या आवृत्तीच्या खोक्यात ७१ मिनिएचर्स, म्हणजे प्लास्टिकच्या छोट्या मूर्ती, आहेत. त्यातली ६ माणसं जिवंत, बाकी ६५ झॉम्बी: ४० वॉकर (चालणारे), १६ रनर (धावणारे), ८ फॅटी (लठ्ठ) आणि १ अबॉमिनेशन (राक्षसी झॉम्बी). एकेक मिनिएचर जेमतेम तीन-साडेतीन सेंटिमीटरची. एवढ्या मोठ्या टोळीला पहिल्यांदा हात घालणारा माणूस आधी लाल रंग उघडतो. मीही तसंच केलं होतं. माझे पहिले दहा-बारा वॉकर नखशिखांत रक्ताने माखलेले होते, पण टेबलावर मांडल्यावर ते सॉस सांडल्यासारखे दिसायचे. पुढे कळलं की भीती वाटते ती कातडी बघून. म्हणून या लेखात सगळ्यात जास्त वेळ कातडीवर घालवणार आहे.

धुणं आणि खरवडणं

साच्यातून काढताना प्लास्टिकवर तेलकट थर राहतो आणि त्यावर रंग धरत नाही. कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब टाका, जुन्या टूथब्रशने घासा आणि पूर्ण वाळू द्या. हात किंवा शस्त्र वाकलेलं असेल तर चिमट्याने धरून पंधरा-वीस सेकंद कडकडीत गरम पाण्यात बुडवा, सरळ करा आणि लगेच बर्फाच्या पाण्यात घाला. साच्याचे दोन भाग जुळतात तिथे बारीक शिवण उठलेली असते. कटरच्या पात्याची पाठ फिरवून ती खरवडून काढा. चेहऱ्यावरची शिवण मात्र चुकवू नका, वॉश (खाचाखोचांत उतरून सावली देणारा पातळ रंग) दिला की ती व्रणासारखी उठून दिसते.

नंतर मिनिएचर बाटलीच्या झाकणावर डबल टेपने चिकटवा. रंगवताना झाकण धरायचं, अंगाला बोट लावायचं नाही.

प्रायमर

आधी सगळीकडे काळा प्रायमर, म्हणजे वरचा रंग धरून ठेवणारा पहिला थर. तो वाळल्यावर वरून, साधारण ४५ अंशांतून, पांढऱ्याचा हलका फवारा. डोकं, खांदे, नाकाचा शेंडा उजळतात. हनुवटीखाली, काखेत काळोख राहतो. रस्त्यावरच्या एकाच दिव्याखाली उभ्या असलेल्या माणसावर पडतो तसा हा उजेड पडतो, आणि भयाच्या खेळाला तो फार शोभतो.

मुंबईत, कोकणात, गोव्यात राहत असाल तर जून ते सप्टेंबर स्प्रे कॅन कपाटातच ठेवा. दमट हवेत प्रायमर खरखरीत बसतो आणि मॅट वार्निशवर (रंग झाकणाऱ्या बिनचमकीच्या शेवटच्या थरावर) पांढुरकी बुरशी चढल्यासारखी दिसते. त्या दिवसांत ब्रशने लावायचा प्रायमर घ्या. पांढऱ्याच्या फवाऱ्याऐवजी जवळजवळ कोरड्या ब्रशने उंचवट्यांवरून पांढरा फिरवा. काम तितकंच चांगलं होतं.

कातडी

रंग पाण्याने पातळ करा, दुधाइतका. एका जाड थरात नाक-ओठ बुजतात, दोन पातळ थरांत ते शाबूत राहतात. आपल्या उन्हाळ्यात पॅलेटवरचा रंग पाच मिनिटांत सुकतो. त्यावर उपाय म्हणजे चपट्या डब्यात ओला स्पंज, त्यावर बटर पेपर आणि त्यावर रंग. झाकण लावलं तर दुसऱ्या दिवशीही वापरता येतो.

आता मिश्रण. कातडीचा साधा रंग घ्या, त्यात थोडा राखाडी आणि अगदी किंचित हिरवा घाला. नुसता हिरवा लावला तर झॉम्बी कार्टूनमधला वाटतो. जिवंत माणसाच्या कातडीखाली रक्त खेळत असतं म्हणून तिच्यात तांबूसपणा असतो, आणि तोच आपल्याला काढून घ्यायचा आहे.

मृत्यूनंतर हृदय थांबतं आणि रक्त स्वतःच्या वजनाने शरीराच्या खालच्या भागात उतरून साकळतं. तिथली कातडी जांभळट होते, वरची पांढरीफटक पडते. आपला झॉम्बी उभा आहे, म्हणजे जांभळा जायचा तो बोटांत, मनगटांत, पावलांत. सिटाडेल या ब्रँडचा ड्रुची व्हायोलेट हा जांभळा वॉश पाण्याने निम्मा करून तिथे सोडा. डोळ्यांच्या खोबणीत आणि ओठांभोवतीही थोडा. सगळं वाळलं की मूळ मिश्रणात पांढरा घालून कपाळ, गालाची हाडं आणि बोटांची पेरं उजळा. एवढं केलं की रक्ताचा थेंब नसतानाही मिनिएचर अंगावर काटा आणते.

डोळ्यांबद्दल थोडं थांबून सांगावंसं वाटतं. पेणच्या कारखान्यांत गणपतीच्या डोळ्यांची आखणी बघितली असेल, तर मूर्तीत जीव कुठून येतो हे तुम्हाला माहीत आहे. झॉम्बीला ती आखणी द्यायचीच नाही. काळोख्या खोबणीत शून्य नंबरच्या ब्रशने मळक्या पांढऱ्याचा एक ठिपका ठेवा, बुबुळ काढू नका. याउलट त्या ६ जिवंत माणसांना मात्र बुबुळ, गालावर तांबूस छटा आणि उबदार रंगाचे कपडे द्या. ती शेजारी उभी राहिली की झॉम्बी आणखी मेलेले दिसतात.

कपडे

इथे फार रेंगाळू नका. मळकट निळा, तपकिरी, राखाडी असे तीन-चार रंग ठरवा, सहा-सहा वॉकर रांगेत मांडा आणि एकेक रंग सगळ्यांना लावत जा. वर ॲग्रॅक्स अर्थशेडसारखा तपकिरी वॉश. वॉकर, रनर आणि फॅटी खेळताना दुरून ओळखू यावेत म्हणून तळाच्या कडेला तीन वेगळे रंग द्या.

वार्निश आधी, रक्त नंतर

हा क्रम उलटला तर मेहनत वाया जाते, कारण मॅट वार्निश ओल्या रक्ताची चमक मारून टाकतं. म्हणून कातडी-कपड्यांवर मॅट वार्निश लावून ते पूर्ण वाळू द्या.

रक्त दोन प्रकारचं असतं. जुनं रक्त हवेत हिमोग्लोबिन बदलल्यामुळे तपकिरी पडतं. ते शर्टावर, बाह्यांवर, फाटलेल्या स्पंजच्या तुकड्याने टिपून लावा. लाल-तपकिरी, बिनचमकीचं. ताजं रक्त फक्त तोंडाशी, नखांवर आणि जखमेच्या मधोमध. त्यासाठी टामिया कंपनीचा एक्स-२७ क्लिअर रेड हा पारदर्शक लाल रंग घ्या आणि काळ्याचा जेमतेम एक थेंब मिसळा. हा रंग नुसत्या पाण्याने ब्रशवरून निघत नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोल जवळ ठेवा आणि चांगला ब्रश यात अजिबात बुडवू नका.

माझा हिशेब असा की दहा वॉकरमधल्या तिघांनाच ताजं रक्त द्यायचं. हे नुकतेच कुणाला तरी खाऊन आले असावेत, असं वाटलं पाहिजे. अबॉमिनेशनला जरा सढळ हाताने द्या, तो एकटाच आहे.

ताजं रक्त वाळल्यासारखं दिसलं तरी रात्रभर चिकट राहतं. झॉम्बी दुसऱ्या दिवशी खोक्यात भरा, आणि एकमेकांना टेकणार नाहीत असे भरा.